कोन, वेग आणि केळं

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघून वाशिम जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची घडी बसत होती त्याच काळात संगणक तालुक्याच्या गावात पोहोचत होता. २००१मध्ये एमकेसीएल या संस्थेने एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर इथे संगणक क्लासच्या पाट्या नेहमीच्या झाल्या. यंत्रं मोजकी आणि शिकणारे फार, त्यामुळे एका पडद्यापुढे दोघांनी बसायचं हे ठरलेलंच. अशा जोडीला नेमका साजेसा खेळ मात्र त्याआधीच तयार होता. पाळीपाळीने एकमेकांवर तोफ डागायची, एवढाच तो खेळ.

त्याचं मूळ खऱ्या तोफांच्या हिशेबात आहे. तोफेला किती कोन दिला तर गोळा किती लांब पडेल, याचे तक्ते अमेरिकी लष्कराला हवे होते. ती आकडेमोड झपाट्याने व्हावी म्हणून एनिअ‍ॅक हा संगणक बांधला गेला आणि १९४६मध्ये जगापुढे आला. १९७०च्या दशकात हाच हिशेब बेसिक भाषेतल्या छोट्या खेळांत उतरला. त्यात चित्र नव्हतं. खेळाडूने आकडा द्यायचा आणि गोळा अलीकडे पडला की पलीकडे, ते संगणकाने शब्दांत सांगायचं.

घराघरांत आणि क्लासाक्लासांत हा प्रकार नेला तो मात्र दोन गोरिलांनी. जून १९९१मध्ये मायक्रोसॉफ्टचं एमएस-डॉस ५ आलं. त्याच्यासोबत क्यूबेसिक ही भाषा होती आणि भाषेचा नमुना म्हणून ‘गोरिला’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. ज्या संगणकावर डॉस ५ पूर्ण टाकलेलं असे, तिथे हा खेळ वेगळा न आणताच हजर असे. जॉयस्टिक नको, माऊस नको, जोडणी नको. अख्खा प्रोग्रॅम ३० केबीहून लहान.

आधी दोघांची नावं विचारली जात. नाव लांब असलं तर पहिली दहाच अक्षरं घेतली जात. मग किती डाव खेळायचे आणि गुरुत्वाकर्षण किती ठेवायचं, हे प्रश्न येत. पृथ्वीचं ९.८ हे तिथेच लिहिलेलं असे. त्यानंतर रंगीत इमारतींचं शहर उभं राही आणि दोन टोकांजवळच्या गच्च्यांवर एकेक गोरिला. खाली वाऱ्याचा बाण. कोन लिहायचा, वेग लिहायचा, एंटर दाबायचं की फुटणारं केळं गरगरत निघे. वाटेत इमारत आली तर तिला भगदाड पडे. वर हसणाऱ्या सूर्याला केळं लागलं तर त्याचं तोंड आश्चर्याने उघडं पडे. स्वतःच्याच गोरिलाला उडवलं तर गुण समोरच्याला. नेम लागला की जिंकलेला गोरिला हात वर करून नाचे.

पहिला नेम अंदाजपंचे असे, दुसरा तसा नसे. केळं पुढे पडलं तर वेग कमी करायचा, इमारतीला धडकलं तर कोन वाढवायचा, वारा उलटा असला तर जोर चढवायचा. अकरावीच्या भौतिकशास्त्रात जे प्रोजेक्टाइल मोशन सूत्रांतून शिकावं लागतं, ते इथे दोघांच्या चुरशीत हाताला लागत होतं. दोन्ही बाजू एका उंचीवर असल्या आणि वारा पडलेला असला तर ४५ अंशांवर मारा सर्वांत लांब जातो, हे पुस्तक न उघडताही कळत होतं.

याहून मोलाची गोष्ट पडद्यामागे होती. हा खेळ वाचता येत होता. क्यूबेसिकमध्ये उघडला की त्याची ओळ न् ओळ समोर येई. दुसऱ्या खेळाडूची पाळी असेल तर त्याने दिलेला कोन १८० मधून वजा करा, अशी एक साधी ओळ त्यात आहे. उजवीकडचा गोरिला डावीकडे फेकतो तो तेवढ्या एका वजाबाकीच्या बळावर. केळं वळतं कसं, तेही असंच उघड्यावर आहे: आडव्या अंतरात वाऱ्याचा वाटा आणि उभ्या अंतरात गुरुत्वाकर्षणाचा. खेळ फार जलद किंवा फार हळू चालला तर कोणता आकडा बदलायचा, तेही सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे. खेळणाऱ्याला आत बोलावणारा असा खेळ विरळाच.

१९९१मध्येच याच जातीचा, वेंडेल हिकन यांचा ‘स्कॉर्च्ड अर्थ’ आला, १९९५मध्ये ‘वर्म्स’ आणि २००१मध्ये ‘पॉकेट टँक्स’. शस्त्रं वाढली, चित्रं देखणी झाली. २००९च्या ‘अँग्री बर्ड्‌स’मध्ये तोफेची गलोल झाली, खेळ बोटावर आला आणि शेजारी बसणाऱ्याची जागाच उरली नाही. खरी तूट तिथे आली. पाळीपाळीच्या खेळात दुसऱ्याचा नेम पाहत बसणं हाही खेळाचाच भाग होता. विदर्भात भारनियमनाने अर्धा दिवस खाल्ला जात असे त्या वर्षांत ‘गोरिला’चा तीन डावांचा छोटा सामना वीज जाण्याआधी उरकतही असे.

डॉसबॉक्स या मोफत प्रोग्रॅमवर जुना क्यूबेसिक आजच्या संगणकावरही चालतो. जिल्ह्यातल्या शाळांमधल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी एका तासाला हा खेळ लावून पाहावा. दोन मुलांना एका कळफलकापुढे बसवावं, गुरुत्वाकर्षणाच्या जागी चंद्राचं १.६ लिहायला सांगावं आणि डाव झाल्यावर तो प्रोग्रॅम त्यांच्यासमोर उघडून ठेवावा.