चिंध्यांचा चेंडू, दाण्याचा चेंडू

प्लास्टिकचा चेंडू आमच्या म्हसळ्याला आला तो मुंबईहून, एसटीच्या टपावरून. शिमग्याला नाहीतर गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत साबण, चहापावडर, आईसाठी लुगडं आणि पोरांसाठी लाल-पिवळा बॉल असायचाच. वजन काही नाही, किंमत फार नाही, आणि दहा पोरं खूश. त्याआधी चेंडू विकत घ्यायची वस्तू आहे, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

तोवरचा चेंडू घरी व्हायचा. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, वरून सुतळी आवळायची, आणि आजी चांगल्या मनःस्थितीत असेल तर ती वरून चार टाके घालून द्यायची. लगोरीला, आबाधुबीला तोच. नाहीतर माडाच्या हिरव्या पातीचा विणलेला चेंडू, नाहीतर झाडाखाली पडलेलं कच्चं पपनस. बॅट म्हणजे झावळीचा जाड बुंधा, कोयत्याने तासलेला. हे सगळं आठ महिने चालायचं. पण आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. मिरग लागला की चिंध्यांचा चेंडू पाणी पिऊन दगडासारखा जड व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला वास यायचा. प्लास्टिकच्या बॉलने पोरांना पावसाळा मिळवून दिला, असं म्हटलं तरी चालेल.

गंमत अशी की प्लास्टिकचा जन्मच चेंडूपायी झाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बिलियर्ड हा खेळ जोरात होता आणि त्याचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महागलं, तेव्हा त्याला पर्याय शोधणाऱ्याला १० हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. जॉन वेस्ली हयात नावाचा एक छापखान्यातला कामगार त्यामागे लागला. कापसावर ॲसिडची प्रक्रिया करून, त्यात कापूर मिसळून त्याने सेल्युलॉईड तयार केलं. १८७० साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे टेबल टेनिसचा चेंडू याच सेल्युलॉईडचा झाला. ते पटकन पेट घेतं, म्हणून २०१४पासून मोठ्या स्पर्धांत दुसऱ्या प्लास्टिकचे चेंडू आले. पोरांच्या खेळातला स्वस्त, पोकळ बॉल मात्र पॉलिथिनचा. ते इंग्लंडमध्ये १९३३ साली एका प्रयोगात अचानक सापडलं.

आपल्या देशात हा उद्योग वाढला तो मुंबईच्या आसपास. १९५७ साली मुंबईत पॉलिकेम कंपनीने पॉलीस्टायरीन बनवायला घेतलं. १९६६ला तुर्भ्याला युनियन कार्बाइडचा आणि १९६८ला ठाण्याकडे नोसिलचा नाफ्त्यापासून कच्चा माल काढणारा कारखाना सुरू झाला. दाणा इथेच मिळू लागल्यावर उपनगरांतल्या गाळ्यांत एकदोन मशिनवर बादल्या, डबे, खेळणी काढणारे छोटे कारखानदार उभे राहिले. आपल्या तालुक्यातली किती पोरं अशा गाळ्यांत रात्रपाळी करून मोठी झाली! बायका पिसावर कटिंग-पॅकिंग करायच्या.

बॉल कसा होतो ते त्यांच्याकडूनच ऐकावं. पंचवीस किलोच्या गोणीतला दाणा मशिनच्या वरच्या नसराळ्यात ओतायचा. रंगाचा दाणा चिमूटभर. आत तापलेल्या नळीत आटे असलेला दांडा फिरतो आणि दीडशे अंशांच्या पुढे दाणा विरघळून कणकेसारखा होतो. खालून त्याची मऊ पोकळ नळी लोंबत येते. दोन अर्ध्या वाट्यांचा साचा तिच्यावर मिटतो, हवा मारली जाते, नळी फुगून साच्याला जाऊन चिकटते. साच्यातून गार पाणी खेळत असतं. काही सेकंदांत साचा उघडला की बॉल हातात. त्याची शेपटी ब्लेडने कापायची, ती पुन्हा दळून मशिनमध्ये. दोन वाट्या जिथे मिटतात तिथे बॉलवर एक बारीक रेघ राहते. आम्ही पोरं ती रेघ शिवण समजून तिच्यावर बोटं ठेवून स्पिन टाकायचो! हलका असल्यामुळे बॉल हवेतच वळायचा, ते श्रेय मात्र बोटांना.

चेपला तर गरम पाण्यात बुडवायचा. आतली हवा फुगून तो परत गोल व्हायचा. चिरला तर तापवलेल्या सुरीने डाग द्यायचा. अगदीच गेला तर दोन वाट्या करून भातुकलीला.

या बॉलने गावात आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे मालक. चिंध्यांचा चेंडू कुणीही करावा, हरवला तर दुसरा करावा. विकतच्या बॉलला मालक असतो, आणि ज्याचा बॉल त्याची पहिली बॅटिंग. तो आउट झाला की बॉल घेऊन घरी. ज्यांचं मुंबईला कुणी नव्हतं ती पोरं कायम फिल्डिंगला. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाड्या वेगळ्या होत्या, पाणवठे वेगळे होते. चिंध्या कुणाच्या घरच्या, हेही मोठी माणसं विचारायची. साच्यातून निघालेल्या बॉलला तसलं घर नव्हतं. तो कुणाच्याही हातून कुणाच्याही हातात गेला आणि कुणी काही बोललं नाही. समतेची भाषणं शाळेत झाली. पण एका बॉलमागे सगळ्या वाड्यांची पोरं धावली ती शेतात.

पुढे दाणा आपल्याच जिल्ह्यात बनू लागला. मुंबई हायच्या समुद्रातला वायू उरणला येतो; त्यावर नागोठण्याला आयपीसीएलचा मोठा प्रकल्प उभा राहिला. ५ नोव्हेंबर १९९० रोजी तिथे वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. २००२ साली कंपनी रिलायन्सकडे गेली. आपल्या समुद्रातला वायू, आपल्या जिल्ह्यातला दाणा; बॉल मात्र आपल्याकडे आला तो विकतच.

आता पोरं टेनिस बॉलने खेळतात, गावोगावी रात्रीच्या स्पर्धा भरतात. प्लास्टिकचा बॉल लहानग्यांपुरता उरला. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. पोरं बॉल तोंडात घालतात, तेव्हा शिक्का हवाच. पण तपासणीचा खर्च एकदोन मशिनवाल्या गाळ्याला जड जातो, आणि त्या गाळ्यावर आपल्याच माणसांची पोटं चालतात.

फुटका बॉल भंगारवाल्याकडे गेला तर दळून त्याची बादली होते. पऱ्यात गेला तर पहिल्याच पुराबरोबर राजपुरीच्या खाडीत जातो आणि भरतीला परत काठावर येतो. चिंध्यांचा चेंडू एका पावसात मातीला मिळायचा. हा मिळत नाही. म्हणून आता तरी ज्याचा बॉल त्याने पहिली बॅटिंग घ्यावी, आणि फुटल्यावर तो उचलून आणायची पाळीही त्याचीच असावी.