पवनीचा मतदार
वैनगंगेच्या तीरी वसलेल्या आणि 1969-70 च्या उत्खननात जिच्या भूमीतून प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष प्रकट झाले त्या पवनीला, मध्यप्रांताच्या अमलात मताधिकार ठाऊक होता तो मालमत्ता, कर वा शिक्षण यांच्या दाखल्यावर मोजक्यांना लाभणारा हक्क म्हणूनच. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र निरक्षर विणकर आणि वकील एकाच यादीत आले, व याहून मोठे स्थित्यंतर या नगरीने पाहिले असेल असे मला वाटत नाही. तरीही स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या एवढेच सांगितल्यामुळे सुमारे 28 लाख स्त्रिया देशभरातील याद्यांतून वगळल्या गेल्या, पवनीचा भंडारा जिल्हा ज्यात तेव्हा मोडत असे तो मध्यप्रदेश मात्र या बाबतीत अग्रभागी नव्हता. 1928 मध्येच प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरणारे डॉ. आंबेडकर 1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यात पराभूत झाले, हे आजही मनाला लागते.

सुशिक्षितांसाठी संविधानाच्या 171 व्या अनुच्छेदाने विधान परिषदेचे निराळे दार ठेवले. पवनी ज्यात मोडते त्या नागपूर विभागाच्या पदवीधर मतदारसंघातून नितीन गडकरी 1989 पासून 2014 पर्यंत निवडून येत राहिले. डिसेंबर 2020 मध्ये याच मतदारसंघाने काँग्रेसचे अभिजित वंजारी यांना कौल दिला. येथे मतपत्रिकेवर शिक्का उमटवायचा नसतो, तर जांभळ्या शाईने पसंतीचा अंक स्वहस्ते लिहावयाचा असतो. परंतु ही यादी प्रत्येक वेळी नव्याने तयार होत असल्याने, गतवेळी मत दिलेल्या पदवीधरालाही अर्ज क्रमांक 18 पुन्हा भरून पदवीच्या साक्षांकित प्रतीसह दाखल करावा लागतो, आणि अर्ज राहिला तर पदवी असूनही त्याचे नाव यादीत येत नाही.