डोंगर कुणाचा?

आई पुण्याहून आमच्याकडे मँचेस्टरला आली की पहिल्या आठवड्यातच विचारते, "जवळपास एखादा डोंगर नाही का रे?" अनेक वर्षं दर रविवारी सिंहगड चढलेली बाई, तिला मॉलमध्ये फिरवून काय उपयोग? म्हणून मागच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी आई, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा अशी वरात घेऊन आम्ही पीक डिस्ट्रिक्टमध्ये हेफील्ड या गावी गेलो. सोबत दशम्या, लसणाची चटणी आणि सगळ्यांचे रेनकोट. इथे ऑगस्ट म्हणजे उन्हाळा, पण तो फक्त कॅलेंडरवर!

पीक डिस्ट्रिक्ट हे 1951 साली जाहीर झालेलं ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. उद्यान म्हटलं तरी आत गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या तर सगळीकडेच. उत्तरेकडच्या भागात उंच, उघडी पठारं आहेत, त्यांना मूर म्हणतात. आपल्या सड्यासारखीच दिसतात, पण पायाखाली कातळाऐवजी काळी, ओली पीटची माती आणि तिच्यावर ऑगस्टमध्ये जांभळ्या फुलांनी भरलेलं हेदर. यातलं सगळ्यात उंच पठार म्हणजे किंडर स्काउट. उंची 636 मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. आईने आकडा ऐकून नाक मुरडलं, पण वर सुटलेला वारा बघून शाल घट्ट गुंडाळली.

मुलांना घेऊन माथ्यापर्यंत जायचं नव्हतंच. हेफील्डजवळ बाउडन ब्रिज म्हणून जागा आहे, तिथून किंडर तलावाच्या वरच्या अंगाने जाणारी वाट धरायची, विल्यम क्लफ नावाच्या घळीच्या तोंडाशी डबा खायचा आणि परत फिरायचं, एवढाच बेत. पण निघायच्या आधीच गाडी अडली. बाउडन ब्रिजला एक जुनी दगडाची खाण आहे, तिथल्या कातळावर एक पाटी बसवलेली आहे. मुलगी हल्ली दिसेल ते वाचते. पाटी वाचून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, ट्रेसपास म्हणजे काय?"

मग सांगावंच लागलं.

शंभरेक वर्षांपूर्वी या डोंगरावर चालायला बंदी होती. मूर जमीनदारांच्या मालकीचे. ग्राउस नावाचा, आपल्या तित्तिरासारखा पक्षी तिथे शिकारीसाठी राखलेला. 12 ऑगस्टला शिकारीचा मोसम सुरू व्हायचा (अजूनही होतो), बाकी वर्षभर राखणदार काठ्या घेऊन माणसं हाकलायचे. एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफील्ड, दोन्हीकडे गिरण्या, भट्ट्या, धूर. आठवड्याची एक सुट्टी, त्या दिवशी स्वस्तातलं रेल्वेचं तिकीट काढून कामगार डोंगराच्या पायथ्याशी यायचे, आणि वर बघत बसायचे. घळीतून जाणारी एक वाट 1897 साली पादचाऱ्यांच्या संस्थेने झगडून मिळवली होती, पण तिच्यावरून पाऊल बाजूला टाकायचं नाही.

24 एप्रिल 1932, रविवार. मँचेस्टरचा बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा मुलगा याच खाणीत एका दगडावर उभा राहून बोलला आणि काही शे माणसं उघडपणे डोंगर चढायला निघाली. विल्यम क्लफमध्ये वाट सोडून उतारावर शिरली. राखणदारांशी थोडी झटापट झाली, एकाचा घोटा दुखावला. वरती शेफील्डच्या बाजूने आलेली मंडळी भेटली, सगळ्यांनी आनंद केला आणि खाली उतरली. खाली पोलिस उभेच होते.

दुसऱ्याच्या जमिनीवर चालणं हा तेव्हाच्या कायद्यात फौजदारी गुन्हा नव्हताच. म्हणून दंगल, मारहाण असली कलमं लावली. सहा जणांवर डार्बीच्या कोर्टात खटला चालला, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने.

"नुसतं चालले म्हणून तुरुंग?" मुलीचा विश्वासच बसेना. आई म्हणाली, "अगं, मीठ उचललं म्हणून नाही का टाकलं? दोनच वर्षं आधी." मला हे सुचलं नव्हतं. 1930 ची दांडी आणि 1932 चं किंडर मी कधी एका रेघेवर मांडून बघितलेच नव्हते.

आता हेही सांगायला हवं, की चालणाऱ्यांच्या जुन्याजाणत्या संघटना या प्रकाराच्या विरोधात होत्या. त्यांना वाटत होतं की वाटाघाटींनी काम होईल आणि ही पोरं ते बिघडवतील. नेमकं कशामुळे काय मिळालं यावर आजही वाद घालणारे आहेत. मिळालं मात्र सावकाश. 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. 1982 मध्ये किंडर नॅशनल ट्रस्टने विकत घेतला. मूरवर मोकळेपणी चालायचा हक्क देणारा कायदा 2000 सालचा. रॉथमन जानेवारी 2002 मध्ये गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, सत्तर वर्षं झाल्याच्या कार्यक्रमात, डेव्हनशरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

हे सांगेपर्यंत आम्ही तलावाच्या वर आलो होतो. किंडर तलाव 1912 साली पुरा झाला, स्टॉकपोर्टला पाणी देण्यासाठी. या भागात असे तलाव जागोजागी आहेत. मँचेस्टरची तहान भागवायला लाँगडेंडेलमध्ये तर 1848 ते 1877 या काळात एकाखाली एक अशी तलावांची माळच बांधली. लोकांना मूरवर न येऊ देण्याचं एक कारण हेही सांगितलं जायचं, की माणसं फिरली तर पाणी घाण होईल. म्हणजे बघा, डोंगराचं पाणी कामगाराच्या घरच्या नळाला चालत होतं, पण त्या कामगाराने डोंगरावर यायचं नाही!

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. लढले, हरले, शेवटी जिंकले. मुलांनाही अशाच गोष्टी आवडतात. पण पुढच्या रविवारी आम्ही लेडीबोअरला गेलो.

डर्वेंट नदीवर वरून खाली तीन तलाव आहेत. हाउडन आणि डर्वेंट ही दगडी धरणं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास झाली, लेडीबोअर 1935 ते 1943 मध्ये. काठाने सपाट वाट आहे, मुलं सायकली चालवतात, बाबागाडीसुद्धा जाते. पाणी गेलं शेफील्ड, डार्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टरला. आणि लेडीबोअरच्या पाण्याखाली गेली डर्वेंट आणि ॲशप्टन ही दोन गावं. डर्वेंटच्या दफनभूमीतली माणसं उकरून बॅमफर्डला पुन्हा पुरली. चर्चचा मनोरा तेवढा पाण्याबाहेर उभा ठेवला होता, तोही डिसेंबर 1947 मध्ये सुरुंग लावून पाडला. गावात डर्वेंट हॉल नावाचा जुना वाडा होता. त्यात 1932 साली, हो, त्याच साली, चालणाऱ्या तरुणांसाठी वसतिगृह उघडलं होतं. तोही बुडाला. गावातला जुना दगडी पूल मात्र एकेक दगड सुटा करून काढला आणि 1959 मध्ये वरच्या अंगाला पुन्हा उभारला. 2018 आणि 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यांत पाणी उतरलं तेव्हा डर्वेंटच्या भिंती वर आल्या आणि त्या बघायला गर्दी लोटली.

आई काठावरच्या बाकावर बसून बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मुळशी आठवली."

मलाही. कॉलेजात असताना पावसाळ्यात मुळशीला किती वेळा गेलो असेन! भाजलेली कणसं, कांदाभजी, चहा. मुंबईच्या विजेसाठी बांधलेल्या त्या धरणाखाली पन्नासच्या आसपास गावं गेली. 1921 ते 1924 मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. हे शाळेत एका वाक्यात पाठ केलं होतं आणि पाच मार्कांना लिहिलंही होतं. पण भजी खाताना ते वाक्य एकदाही आठवलं नाही. इथे परक्या मुलुखात, परक्यांच्या गावावरच्या पाण्याकडे बघताना आठवलं. किंडरवाल्यांना उशिरा का होईना वाट मिळाली, माफी मिळाली. गाव काही परत मिळत नाही.

मुलीने पुन्हा विचारलं, "मग हा डोंगर आता कुणाचा?" मी म्हटलं, "चालण्यापुरता आपला." यापेक्षा बरं उत्तर मला सुचलं नाही.

असो. डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा मुलांना मुळशीला नेणार आहे. भजी खाऊच. पण आधी काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाठून पाण्याखालच्या गावांची नावं विचारून घेईन. मुलगी विचारणार, हे आता नक्की.