‘ऐतिहासिक’ हें एक विशेषण व त्याचे दोन इंग्रजी प्रतिशब्द

जुन्या दप्तरांच्या याद्या इंग्रजींत करितांना ‘ऐतिहासिक’ या शब्दाबद्दल कोणी ‘हिस्टॉरिक’ लिहितो, कोणी ‘हिस्टॉरिकल’. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे समजून चाललेला हा व्यवहार वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु कोणता कागद राखावा व कोणता रद्दींत घालावा, याचा निर्णय पुष्कळदां याच विशेषणावर होतो. सबब संग्राहकांच्या विचारार्थ पुढील टिपण आम्ही सादर करीत आहों.

१. प्रथम संस्कृताकडे पाहूं. ‘असें खरोखर होतें’ ही इतिहास शब्दाची परंपरागत व्युत्पत्ति होय. या शब्दास ठक् प्रत्यय लागून आद्य स्वरास वृद्धि होते व ‘ऐतिहासिक’ हें रूप सिद्ध होतें. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांतील दुसऱ्या पादांत ‘तें शिकणारा किंवा जाणणारा’ या अर्थाच्या प्रत्ययांचें प्रकरण आहे. तेथील वार्तिकानें आख्यान, आख्यायिका, इतिहास व पुराण या शब्दांस हा प्रत्यय सांगितला आहे. अर्थात् पुराण जाणणारा तो पौराणिक, तसा इतिहास जाणणारा तो ऐतिहासिक. वृत्र कोण, याची चर्चा करितांना यास्कानेंहि निरुक्तांत नैरुक्तांच्या मतें तो मेघ व ऐतिहासिकांच्या मतें त्वष्ट्याचा पुत्र असुर, असे दोन पक्ष नोंदले आहेत. सारांश, या शब्दांत मुळांत इतिहासाशीं संबंध एवढाच अर्थ आहे. थोरवीचा गंध त्यास नाहीं. ‘ऐतिहासिक विजय’, ‘ऐतिहासिक निर्णय’ या आजच्या वृत्तपत्री प्रयोगांतील थोरवी मागाहून आलेली आहे.

२. इंग्रजींतील दोन्ही विशेषणें ग्रीक ‘हिस्तोरिआ’, म्हणजे शोध अथवा चौकशी, या शब्दापासून लॅटिनच्या द्वारें आलीं. पूर्वीं तीं परस्परांच्या जागीं योजिलीं जात. कालांतरानें त्यांची वांटणी झाली. ज्यानें इतिहासास वळण दिलें, अथवा ज्यास इतिहासांत मानाचें स्थान आहे, तें ‘हिस्टॉरिक’. जें गतकालाविषयीं आहे, अथवा गतकालाच्या ज्ञानास साधन होतें, तें ‘हिस्टॉरिकल’. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थविषयक व ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचा, हा भेदहि याच जातीचा आहे.

मराठी ग्रंथांवरून हें चांगलें स्पष्ट होईल. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठींतील पहिली कादंबरी म्हणून गणली जाते. तीस ‘हिस्टॉरिक’ म्हणणें यथार्थ आहे. परंतु विषय तत्कालीन विधवांच्या स्थितीचा असल्यामुळें ती ‘हिस्टॉरिकल’ कादंबरी नव्हे. रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) ही शिवकालावर रचलेली म्हणून ‘हिस्टॉरिकल’, आणि त्या प्रकारची मराठींतील आद्य कृति म्हणून ‘हिस्टॉरिक’हि आहे. मराठींत तिन्ही ठिकाणीं एकच ‘ऐतिहासिक’ पडतो व भेद बुजून जातो.

आमच्या मेहरूणचेंच उदाहरण घेऊं. मुंबईहून ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली आगगाडी गेली, तो प्रसंग ‘हिस्टॉरिक’. परंतु मेहरूणच्या एखाद्या बागाईतदाराच्या माळ्यावर बोरांच्या विक्रीचें जुनें टिपण किंवा तलावाच्या पाण्याबद्दलचा अर्ज निघाला, तर तो केवळ ‘हिस्टॉरिकल’ कागद होय. त्यानें कोणतेंहि राज्य बुडविलें नाहीं. भाव, माप, मजुरी व भाषा मात्र तोच सांगेल.

३. असा कागद गौण मानल्यास काय हानि होते, हें खानदेशांतील एक शिलालेखच दाखवितो. चाळीसगांवनजीक पाटण येथील शके ११२८ चा हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्यानें सिद्धान्तशिरोमणि आदि ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला व निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें, ही हकीकत संस्कृत भागांत आहे. हा भाग कोणीहि ‘हिस्टॉरिक’ म्हणेल. परंतु शेवटीं मराठींत मठास लावून दिलेल्या हक्कांचीं कलमें आहेत. चालत्या घाण्यांमागें पळी पळी तेल द्यावें, अशा स्वरूपाचीं तीं आहेत. थोर कुलाची कीर्ति तेवढी घेऊन हा तेलाचा हिशेब गाळला, तर तेराव्या शतकाच्या आरंभींची खानदेशांतील मराठी व तेथील बाजाराची रीत या दोहोंस आपण मुकूं.

वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या खंडांस ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असें नांव दिलें, तें या दृष्टीनें मार्मिक आहे. साधनाची किंमत उपयोगावर ठरते, कीर्तीवर नव्हे. त्यांच्या निधनानंतर १९२७ सालीं धुळें येथें त्यांच्या नांवें स्थापन झालेलें संशोधन मंडळ हें खानदेशांतील या दृष्टीचें स्मारकच होय.

४. कायद्याची भाषाहि हीच आहे. १९०४ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत व १९५८ च्या कायद्यांत ‘हिस्टॉरिकल’ महत्त्वाच्या वास्तूंचा निर्देश आहे. १९७२ च्या पुराणवस्तुविषयक कायद्यानें शास्त्रीय, ‘हिस्टॉरिकल’, वाङ्मयीन किंवा सौंदर्यविषयक मूल्य असलेलीं व निदान ७५ वर्षांचीं हस्तलिखितें आणि दस्तऐवज पुराणवस्तु ठरविले आहेत. इतर बहुतेक वस्तूंस ही मर्यादा १०० वर्षांची आहे. येथें ‘हिस्टॉरिक’ असें वाचलें, तर छत्रपतींचें पत्र तेवढें कायद्यांत बसेल व कुळकर्ण्याचा जमाखर्च बाहेर पडेल. कायदेकारांचा हेतु तसा दिसत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ‘हिस्टॉरिकल’ यास ‘ऐतिहासिक’ हाच शब्द राखावा. तो पाणिनीय परंपरेसहि धरून आहे. ‘हिस्टॉरिक’ यास प्रसंगानुसार ‘इतिहासप्रसिद्ध’ किंवा ‘युगप्रवर्तक’ म्हणावें. इंग्रजी यादी करणारानें प्रत्येक अस्सल जुन्या कागदास ‘हिस्टॉरिकल’ हें विशेषण निःशंकपणें लावावें. ‘हिस्टॉरिक’ मात्र कारण लिहिल्यावांचून लावूं नये. आणि ज्या कागदास तें दुसरें विशेषण लागत नाहीं, तो केवळ तेवढ्यावरून टाकूं नये, अशी संग्राहकांस विनंति आहे.