वेव्हर्लीचे पाठभेद

वॉल्टर स्कॉटची 'वेव्हर्ली' १८१४ साली लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. पुढच्या अनेक कादंबऱ्यांवर 'वेव्हर्लीचा कर्ता' एवढीच ओळख छापली जात असे आणि स्कॉटने हे कर्तृत्व जाहीरपणे मान्य केले ते १८२७ मध्ये. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की आपल्याकडे स्कॉटचे नाव हटकून येते. पण ते बहुधा प्रभावाच्या संदर्भात येते आणि तिथेच थांबते. स्कॉटलंडमध्ये मात्र हे नाव पाण्यावर उतरले. ग्लासगोजवळच्या क्लाइड नदीच्या मुखाशी रेल्वे कंपनीच्या प्रवासी आगबोटी चालत, आणि त्यांना स्कॉटच्या कादंबऱ्यांची व पात्रांची नावे देण्याची प्रथा होती : 'केनिलवर्थ', 'टॅलिसमन', 'मार्मियन', 'जीनी डीन्स'. बहिणीच्या जिवासाठी पायी लंडनकडे निघालेल्या शेतकऱ्याच्या मुलीचे नाव बोटीला देणाऱ्या कंपनीला आपल्या उतारूंनी कादंबरी वाचलेली आहे, हे गृहीत धरता येत होते. आम्हांला ही गोष्ट कोणत्याही वाङ्मयीन पुरस्काराहून मोठी वाटते.

यांतली १८९९ची 'वेव्हर्ली' युद्धात सुरुंग काढण्याच्या कामावर गेली आणि २९ मे १९४० रोजी डंकर्कहून सैनिकांना घेऊन परतताना बॉम्बहल्ल्यात बुडाली; शेकडो माणसे गेली. तिच्या जागी त्याच नावाची नवी बोट ग्लासगोच्या ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीत बांधली गेली. २ ऑक्टोबर १९४६ रोजी ती पाण्यात उतरली आणि १६ जून १९४७ रोजी पहिल्या फेरीवर निघाली. दोन्ही कुशींना पाणी मागे लोटणारी मोठी चाके असलेली ही बोट बांधली गेली तेव्हाच जुन्या पद्धतीची होती. डिझेलवर चालणाऱ्या, मळसूत्री पंख्याच्या बोटींचे दिवस आलेले होते.

आता तिच्या चाहत्यांविषयी. ही मंडळी बोटीकडे ज्या नजरेने पाहतात, ती पाठचिकित्सकाची नजर आहे असे आम्ही म्हणू. एखादे तारीख नसलेले छायाचित्र पुढे आले की ते आधी धुरांडी पाहतात. तांबडा, पांढरा आणि काळा असे तीन पट्टे असतील तर मूळ रेल्वे कंपनीचा काळ. पिवळसर धुरांड्याला काळी कड असेल तर १९४८च्या राष्ट्रीयीकरणानंतरचा. बोटीचे अंग निळे असेल तर १९६५ किंवा त्यानंतरची काही वर्षे. तांबड्या धुरांड्यावर पिवळ्या वर्तुळात सिंह असेल तर १९७३चा एकच हंगाम. हस्तलिखिताचा काळ शाईवरून व वळणावरून ठरवावा, तसाच हा प्रकार. हिवाळ्यात बोट सुक्या गोदीत दुरुस्तीला गेली की कोणता पत्रा बदलला, कोणती खोली वाढली, याच्या नोंदी होतात. बाहेरच्या माणसाला हा नाद हास्यास्पद वाटतो, हे खरे. परंतु सायणभाष्यातला एक पाठ शोधण्यात वर्षे घालवणाऱ्यांच्या गावात राहून आम्हांला तरी हसता येत नाही.

या नादाला १९७४ साली किंमत मोजावी लागली, आणि ती होती एक पौंड. १९७३च्या हंगामानंतर कंपनीने 'वेव्हर्ली' सेवेतून काढली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एका पौंडाला चाकांच्या बोटींच्या जतनासाठी १९५९मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या हवाली केली. ती कुठेतरी धक्क्याला बांधून ठेवली जाईल, असाच बहुतेकांचा समज होता. या मंडळींनी वर्गणी गोळा करून तिला मे १९७५मध्ये पुन्हा प्रवाशांसह समुद्रात नेले. तिच्या वडीलबहिणीचे, १९३१च्या 'जीनी डीन्स'चे असे झाले नव्हते. ती १९६०च्या दशकात थेम्स नदीवर नव्या नावाने चालवण्याचा प्रयत्न फसला आणि १९६७मध्ये बेल्जियममध्ये ती मोडीत निघाली.

चालती बोट जपायची म्हणजे ती बदलत राहायची. कोळशाची भट्टी १९५७मध्येच तेलावर गेली होती. १९८१मध्ये बॉयलर बदलला. २०००च्या मोठ्या पुनर्बांधणीत एकाऐवजी दोन बसले. २०१९मध्ये तेही निकामी ठरले, त्या वर्षीचा हंगाम बुडाला आणि तेवीस लाख पौंडांचे आवाहन करून, लोकांच्या देणग्या व स्कॉटिश सरकारचे दहा लाख यांच्या बळावर पुन्हा नवे आणले गेले. पत्रे आणि लाकडी तक्तेही वेळोवेळी गेले. गंमत अशी की २०००–२००३च्या कामात हे सारे नवे घालतानाच बोटीचे रूप मात्र १९४७चे करण्यात आले. म्हणजे जी बोट आज दिसते तिच्यातले १९४७चे रूप हे संपादकांनी निवडलेले रूप आहे; मधल्या काळातली निळी बोट, सिंहाची बोट, या तळटिपेत गेल्या. भांडारकर संस्थेच्या महाभारतावर जो आक्षेप घेतला जातो तोच इथेही घेता येईल : लोकांनी जी संहिता प्रत्यक्ष वापरली, ती ही नव्हे. १९६८मध्ये याच बोटीतून सहलीला गेलेल्या मुलाची 'वेव्हर्ली' कोणती?

ती पहिल्या फेरीवर निघाली त्याच्या महिन्याभरानंतर, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी गेल्या होत्या. आपणही बोटींना वाङ्मयातलीच नावे दिली, कादंबरीऐवजी संतांची. या आगबोटींनी पिढ्यान्‌पिढ्या कोकणी माणसाला गिरणगावात आणले आणि गणपतीला परत नेले. पण त्यांची धुरांडी कोणत्या रंगाची होती, हे आपल्यातले किती जण सांगू शकतील? आपल्या आठवणीत त्या बुडतानाच येतात, चालताना नाही.

'वेव्हर्ली'त एक गोष्ट मात्र बदललेली नाही. ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोर यांनी घडवलेले २१०० अश्वशक्तीचे मूळ इंजिन अद्याप तेच आहे. तीन सिलिंडर, तीच वाफ पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते आणि प्रत्येक ठिकाणी उरलासुरला जोर देते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर असल्यामुळे एक पुढे आणि एक मागे फिरवून वळता येत नाही, म्हणून धक्क्याला लागताना कप्तानाची कसोटी लागते. हे इंजिन झाकलेले नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट आहे, आणि उतारू कठड्याला टेकून तेलाने चकाकणारे दांडे वरखाली होताना पाहत उभे राहतात, बाहेरचा किनारा विसरून.