प्रणालीचे आजोळ

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव बघायला शेतकरी खिशातून फोन काढतो. त्या फोनातली अँड्रॉइड प्रणाली त्या फोनवर घडलेली नसते. फोनात बहुधा एआरएम घराण्याचा प्रोसेसर असतो. प्रणाली मात्र एक्स-८६ जातीच्या मोठ्या संगणकांवर कंपाइल होते. दोघांची यंत्रभाषा वेगळी, एकाच्या आज्ञा दुसऱ्याला कळत नाहीत. तरीही एका यंत्रावर बसून दुसऱ्याच्या भाषेत अख्खी प्रणाली उतरवता येते. याच कामाला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. बाळ आजोळी जन्मते आणि मग आपल्या घरी येते. नव्या जातीच्या संगणकाची पहिली प्रणालीही अशीच येते.

तिला तसेच यावे लागते. प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर चालवायचा तर यंत्रावर आधी प्रणाली हवी, आणि प्रणाली घडवायची तर कंपायलर हवा. कोऱ्या यंत्रापाशी दोन्ही नसतात.

या रीतीच्या कुळातली एक मोठी शाखा १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सापडते. केन थॉम्पसन यांना तिथे पीडीपी-७ हा फारसा वापरात नसलेला छोटा संगणक मिळाला. त्यावर प्रोग्रॅम लिहिण्याची सोय जवळपास नव्हती. म्हणून ते जीई-६३५ या मोठ्या यंत्रावर लिहीत, तिथल्या असेंब्लरकडून पीडीपी-७ च्या भाषेतल्या आज्ञा काढून घेत आणि त्या कागदी फितीवर टोचून फीत हाताने पीडीपी-७ पाशी नेत. मोठ्या यंत्राचा शब्द ३६ बिटांचा, छोट्याचा १८ बिटांचा. तरी काम झाले. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, संपादक, असेंब्लर आणि थोडी अवजारे तयार होताच पीडीपी-७ स्वतःचे प्रोग्रॅम स्वतः घडवू लागला. युनिक्स या प्रणालीचा जन्म असा परक्या यंत्राच्या आधाराने झाला.

१९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल सी भाषेत नव्याने लिहिला गेला. आता यंत्र बदलले तरी सगळे पुन्हा लिहायला नको, कंपायलरला नव्या यंत्राची भाषा शिकवली की बराचसा मजकूर तसाच चालावा, अशी आशा निर्माण झाली. १९७७ च्या सुमारास स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी १६ बिटांच्या पीडीपी-११ वरून युनिक्स ३२ बिटांच्या इंटरडेटा ८/३२ वर नेऊन ही आशा कसाला लावली. त्याच काळात ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी इंटरडेटा ७/३२ वर युनिक्स नेले. अडचणी बारीक पण चिवट असत. एका शब्दातले बाइट कोणत्या क्रमाने मांडायचे, हे दोन यंत्रांत उलटे निघाले की अक्षरांची जागा बदलते आणि ‘युनिक्स’च्या चार इंग्रजी अक्षरांचे ‘नुक्सी’ होते.

१९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर खुला केला. पुढे त्यात एकेका प्रोसेसरचे वर्णन भरले गेले आणि ही विद्या कोणालाही उपलब्ध झाली. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसी संसाधन केंद्रामार्फत कार्यशाळा घेऊन या अजस्र कंपायलरची आतली रचना उलगडून दाखवली. त्याच संस्थेत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने ‘अजित’ हा प्रोसेसर घडवला. तो २०१९ मध्ये जाहीर झाला. त्यांनी स्पार्क व्ही-८ हा खुला आज्ञासंच निवडला होता. त्या भाषेत उतरवण्याची सोय जीसीसीत आधीपासून होती, त्यामुळे नव्या चिपला कंपायलरची सुरुवात शून्यातून करावी लागली नाही. चिप आपली असणे हे अर्धेच काम. तिच्यासाठी प्रोग्रॅम उतरवणारे जाणकारही आपले हवेत.

हे जाणकार परभणीतही तयार होऊ शकतात. साधा लॅपटॉप, एआरएम किंवा रिस्क-व्ही घराण्याच्या प्रोसेसरसाठीचे जीसीसी आणि लिनक्स कर्नलचा खुला मजकूर एवढी सामग्री पुरते. बांधणीच्या वेळी ‘आर्च’ या खुणेत लक्ष्य प्रोसेसरचे घराणे सांगायचे आणि ‘क्रॉस-कंपाइल’ या खुणेत कंपायलरच्या नावाचा पूर्वभाग द्यायचा. एक पथ्य मात्र काटेकोर पाळायचे: लॅपटॉपवरच्या लायब्ऱ्या आणि लक्ष्य यंत्राच्या लायब्ऱ्या यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. लक्ष्य प्रोसेसरचा बोर्ड हाताशी नसला तर फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला क्यूएमू हा प्रोग्रॅम त्या प्रोसेसरचे सोंग घेतो आणि नवी प्रणाली लॅपटॉपच्याच पडद्यावर उठते. शेतातला ओलावा मोजणाऱ्या छोट्या यंत्रापासून फोनपर्यंत सगळ्यांना हेच कसब लागते. ते परीक्षेतल्या व्याख्येपुरते न ठेवता, अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी एकदा तरी दुसऱ्या यंत्रासाठी कर्नल स्वतः बांधून चालवून पाहावा.