पायथन भाषेतील पॅकेज-स्थापनेच्या अडचणी : एक ऐतिहासिक टिपण
(मालवण किनाऱ्याच्या संदर्भात)

संगणकाच्या प्रात्यक्षिकात पायथनचे एखादे पॅकेज स्थापित झाले नाही, तर दोष बहुधा विद्यार्थ्याच्या माथी येतो. अशा दोन-तीन तासिका वाया गेल्या की 'हा विषय आपला नव्हे' असा ग्रह त्याच्या मनात घर करतो. वस्तुतः पडद्यावरील त्रुटिसंदेश हा पुष्कळदा त्या भाषेच्या इतिहासाचा अवशेष असतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथन प्रसिद्ध केली, तेव्हा इतरांची पॅकेजे बसविण्याची एकसमान पद्धत तिच्याजवळ नव्हती. ती २००० मध्ये 'डिस्टयुटिल्स'च्या रूपाने आली. २००३ मध्ये पॅकेजांची मध्यवर्ती सूची सुरू झाली आणि २००८ मध्ये इयान बिकिंग यांनी 'पिप' हे साधन निर्माण केले. या व्यवस्थेत एक गृहीतक दडलेले होते : पॅकेज मूळ संहितेच्या रूपात येईल आणि वापरणाऱ्याचा संगणक ते स्वतः कंपाइल करील. युनिक्सवर सी भाषेचा कंपायलर सहसा हाताशी असे, विंडोजवर नसे. 'व्हिज्युअल सी++ आवश्यक आहे' या संदेशाचे मूळ येथे आहे. ही उणीव कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टोफ गोल्के यांनी विंडोजसाठी तयार पॅकेजे विनामूल्य देऊन अनेक वर्षे भरून काढली. २०२२ मध्ये ते कार्य थांबले. संस्थेचे काम एका व्यक्तीने वाहून नेल्याची उदाहरणे इतिहासाच्या अभ्यासकास नवी नाहीत.

२०१३ मध्ये मान्य झालेल्या 'व्हील' या तयार स्वरूपाने कंपायलरची गरज बरीच संपली. तथापि व्हील हे अनेकदा पायथनची आवृत्ती, कार्यप्रणाली व प्रोसेसर यांना बांधलेले असते. त्यामुळे 'जुळणारी आवृत्ती सापडली नाही' याचा अर्थ पॅकेज नाही असा नसून, या यंत्रासाठी नाही असा असू शकतो. ऑक्टोबर २०२० मधील पायथन ३.९ विंडोज ७ वर चालत नाही. सबब तेथे ३.८ पर्यंतच थांबावे लागते आणि पॅकेजचीही जुनी आवृत्ती क्रमांक देऊन मागावी लागते.

मालवण परिसरात संशय प्रथम इंटरनेटवर जातो, आणि तो निराधार म्हणता येणार नाही. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात येथील वीज व दूरसंचार दोन्ही कोलमडले होते. परंतु ब्राउझर चालत असून केवळ पिप अडत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे. २०१८ मध्ये मध्यवर्ती सूचीने जुनी सुरक्षा-प्रणाली बंद केली. त्यामुळे फार जुन्या पायथनची जोडणीच होत नाही. तेथे पायथन बदलणे हाच उपाय होय.

जोडणी खरोखरच नसेल, तर दुसऱ्या ठिकाणी 'पिप डाउनलोड' आज्ञेने पॅकेज त्याच्या अवलंबित पॅकेजांसह उतरवून पेनड्राइव्हवर आणावे व त्या फोल्डरमधून बसवावे. मात्र दोन्ही संगणकांवर पायथनची आवृत्ती एकच हवी. ६४ बिट पायथनसाठी कंपाइल केलेली व्हील्स प्रयोगशाळेतील ३२ बिट पायथनवर बसत नाहीत.